वन्संची गोळी

‘‘अहो, आमच्या वन्संना याच गोळीने दोन दिवसांत आराम पडला. घेऊन तर बघा! चार शिल्लक आहेत, देते पाठवून.’’

हे वाक्य ज्या घरात कधीच उच्चारले गेले नाही, असे मराठी घर शोधून काढणे कठीण. विरजण, साखरेची वाटी आणि कढीलिंबाची डहाळी जशी शेजारधर्माने या दारातून त्या दारात जाते, तशीच आपल्याकडे उरलेली गोळीही जाते. देणारीच्या मनात माया असते, घेणारीच्या मनात विश्वास असतो. दिवाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. घर पाहुण्यांनी भरलेले, फराळाने पोटे बिघडलेली, धुराने घसे धरलेले आणि नेमके आपले डॉक्टर गावी गेलेले! मग कपाटावरचा औषधांचा डबा खाली येतो आणि घरातली वडील मंडळी वैद्यकी सुरू करतात.

या मायेला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु या वन्संच्या गोळीत एक मेख आहे, आणि ती कधी कधी जिवावर बेतते. म्हणून यंदाच्या दिवाळीत या सदरात तिच्याविषयीच चार गोष्टी सांगायच्या आहेत.

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण आपण उठता-बसता वापरतो. एकाला दही बाधते, दुसरा रात्री ताक पिऊन खुशाल झोपतो. आपल्या वाडवडिलांनी हे डोळ्यांनी पाहिले आणि म्हणीत बांधून ठेवले. औषधांच्या बाबतीत मात्र ही म्हण किती काटेकोरपणे खरी आहे, याचा उलगडा गेल्या सत्तर वर्षांतच झाला आहे.

आपण गोळी गिळतो, ती पोटात विरघळते आणि रक्तात उतरते, इथपर्यंत सर्वांना ठाऊक असते. पुढे काय होते? शरीराच्या दृष्टीने औषध हा परका पाहुणा. त्याचा पाहुणचार संपला की त्याची रवानगी करावी लागते. हे काम बहुतांशी यकृत करते. तेथे एन्झाइम नावाचे असंख्य कारागीर बसलेले असतात. कोणी औषधाचे तुकडे करतो, कोणी त्याला शेपूट जोडून ते लघवीवाटे बाहेर जाईल असे करतो, तर कोणी कच्च्या औषधाचे पक्के औषध बनवतो. हे कारागीर कसे घडवायचे याचा नमुना आपल्या जनुकांत लिहिलेला असतो, आणि जनुके आपल्याला मिळतात ती आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी. नमुन्यात एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले की कारागीर मंद निपजतो किंवा मुळी कामावरच येत नाही. एरवी त्या माणसाला काही त्रास नसतो. तो जेवतो, खातो, नोकरी करतो, पोरेबाळे वाढवतो. त्याच्या अंगातला हा कारागीर झोपलेला आहे हे कळते ते एखादे विशिष्ट औषध पोटात गेल्यावरच!

हे प्रथम ठळकपणे दिसले ते क्षयाच्या औषधात. १९५२ साली आयसोनियाझिड हे औषध आले. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात ज्यांची आशा सोडलेली होती असे रोगी ते घेऊन उठून बसले, जेवू लागले, वॉर्डात नाचूही लागले. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे झळकली. परंतु लौकरच एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. काही रोग्यांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तळपाय जळजळू लागले, बधिर होऊ लागले. औषध तेच, मात्रा तीच. मग एकालाच का हा त्रास व्हावा?

१९६० साली डेव्हिड प्राइस इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. त्यांनी घराणीच्या घराणी तपासली. प्रत्येकाला वजनाच्या मानाने सारखीच मात्रा दिली आणि सहा तासांनी रक्तात किती औषध उरले ते मोजले. एरवी उंची किंवा वजन मोजले तर माणसे मध्यावर गर्दी करतात आणि दोन्ही टोकांना विरळ होत जातात. येथे मात्र सरळ दोन तट पडले! एका तटाच्या रक्तातले औषध झरझर कमी झालेले, दुसऱ्याच्या रक्तात ते रेंगाळत राहिलेले. आणि कोण कोणत्या तटात हे आई-बापांकडून ठरत होते. दोघांकडूनही मंद कारागिराचे जनुक आले की मूल मंद तटात जाई.

आपल्या देशाचा या कथेत मोठा वाटा आहे. १९५६ साली मद्रासला क्षयरोगावरील औषधोपचारांचे संशोधन केंद्र सुरू झाले. रोग्याला सॅनिटोरियममध्ये न ठेवता घरी औषधे दिली तरी तो तितकाच बरा होतो, हे याच केंद्राने १९५९ साली जगाला दाखवून दिले. या केंद्राने भारतीय रोग्यांतले मंद आणि जलद असे दोन्ही तटही बारकाईने अभ्यासले. हातापायांच्या मुंग्यांचा त्रास मंद तटाला अधिक होतो आणि ब-६ जीवनसत्त्व दिल्याने तो टळतो. उलट, आठवड्यातून एकदाच औषध द्यायचे ठरवले तर जलद तटाच्या रोग्यांना गुण कमी येतो, कारण त्यांचे यकृत औषधाला थाराच देत नाही. आपल्याकडे निम्म्याहून अधिक माणसे मंद तटातली आहेत; जपानात दहांत एखादाच. जपानी माणसाचा अनुभव आपल्या कामाचा नाही, तो असा.

येथे एक गोष्ट ठासून सांगतो. हे वाचून कोणी क्षयाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. मुंग्या आल्या तर डॉक्टरांना सांगावे, उपाय साधा आहे. अर्धवट सोडलेला क्षयाचा उपचार मुंग्यांहून शतपटीने वाईट.

दुसरी गोष्ट हिवतापाच्या औषधाची. कोरियाच्या युद्धावरून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांना प्रिमाक्वीन देत. कृष्णवर्णीय सैनिकांपैकी दहांतल्या सुमारे एकाला ते घेताच तांबड्या रक्तपेशी फुटून लघवी काळसर होई, डोळे पिवळे पडत, माणूस पांढराफटक दिसू लागे. १९५६ साली शिकागोच्या संशोधकांनी याचे कारण शोधून काढले. तांबड्या पेशीला सांभाळणारे जी-सिक्स-पी-डी नावाचे एक एन्झाइम या लोकांत कमी होते. (या शोधासाठीच्या चाचण्या तुरुंगातल्या कैद्यांवर केलेल्या होत्या, हेही विसरता कामा नये. विज्ञानाच्या खात्यावर अशीही कर्जे आहेत.) या उणिवेची जगात आज सुमारे ४० कोटी माणसे असावीत असा अंदाज आहे. आपल्याकडे मुंबईच्या पारशी समाजात ती १९६० नंतरच्या काही वर्षांतच नोंदली गेली, आणि अनेक आदिवासी जमातींतही ती आढळते.

आता या उणिवेचा प्रवास पाहा. हिचे जनुक ज्या गुणसूत्रावर आहे ते मुलग्यांना आईकडूनच मिळते. आई स्वतः ठणठणीत असते, कारण तिच्याकडे एक बिघडलेला नमुना असला तरी दुसरा चांगला असतो. तिच्या मुलाला मात्र बिघडलेला मिळाला तर जोडीला दुसरा नसतो. म्हणजे मुलाच्या रक्तातल्या या उणिवेचा धागा त्याच्या बापाच्या घरी नव्हे, आजोळी सापडतो. मामाला लहानपणी औषध घेऊन कावीळ झाली होती का, हा प्रश्न येथे बापाच्या सात पिढ्यांपेक्षा मोलाचा ठरतो.

आणि औषधच कशाला? आपल्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्या घ्या. नॅफ्थलिनच्या या गोळ्यांत जपून ठेवलेली दुपटी, अंगडी-टोपडी थेट बाळाच्या अंगावर चढवली आणि ते बाळ नेमके या उणिवेचे असले, तर नुसत्या त्या वासाने आणि स्पर्शाने त्याच्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ झाल्याची उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत. आजीने मायेने ठेवलेला बाळंतविडा, आणि त्यातून हे संकट! तेव्हा बाळाच्या कपड्यांत या गोळ्या मुळी घालूच नयेत, हे बरे.

तिसरी गोष्ट शस्त्रक्रियेच्या टेबलावरची. रोग्याला पूर्ण भूल देताना घशातून श्वासाची नळी घालावी लागते. त्यासाठी स्नायू क्षणभर सैल पडावेत म्हणून एक इंजेक्शन देतात. त्याचे नाव सक्सिनिलकोलीन. शस्त्रक्रियागृहात त्याला स्कोलीन म्हणतात. तातडीच्या सिझेरियनलाही पूर्ण भूल द्यायची झाली तर ते वापरतात. रक्तातले एक एन्झाइम त्याची वाट लावते आणि पाच-दहा मिनिटांत रोगी आपणहून श्वास घेऊ लागतो. परंतु काही थोड्या माणसांत हे एन्झाइम दुबळे असते. मग मिनिटांचे तास होतात. शस्त्रक्रिया संपते, भूल उतरते, पण छाती हलत नाही. टोरांटोच्या वेर्नर कॅलो यांनी १९५७ साली अशी माणसे रक्ताच्या तपासणीने ओळखता येतात हे दाखवले. आनुवंशिकता आणि औषधे यांची सांगड घालणाऱ्या शास्त्राला १९५९ साली ‘फार्माकोजेनेटिक्स’ असे नावही मिळाले.

ही गोष्टही आपल्यापासून दूरची नाही. जगात फार विरळा असणारी ही उणीव आंध्रातील वैश्य समाजात पुष्कळच अधिक प्रमाणात आहे, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. शतकानुशतके विवाह आपापल्यातच झाले की कोण्या एका पूर्वजाचे जनुक समाजात पसरत जाते, हे त्याचे कारण. मराठवाड्यात आणि विदर्भातही या समाजाची घरे आहेत. यात त्या समाजाचा दोष काडीमात्र नाही. प्रत्येक जातीत, प्रत्येक घराण्यात अशी कोणती ना कोणती ठेव असतेच. कुणाची उघडकीस आली, कुणाची यायची आहे, इतकेच. शिवाय समाजावरून माणसाची परीक्षा होत नाही, माणसाचीच तपासणी करावी लागते. 

मात्र या गोष्टीतला दिलासाही पाहण्यासारखा आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी एक वाक्य कळले, की ‘हिच्या मावशीला ऑपरेशननंतर फार वेळ श्वास येत नव्हता’, तर ते दुसरे औषध वापरतात. न कळताही असा प्रसंग आला तर एन्झाइम काम उरकेपर्यंत यंत्राने श्वास चालू ठेवावा लागतो आणि रोगी सुखरूप उठतो. पण सुसज्ज रुग्णालय असणे वेगळे आणि तालुक्याच्या गावी रात्री दोन वाजता निकडीची वेळ येणे वेगळे. तेथे ते एक वाक्य लाखमोलाचे असते.

ते वाक्य सांगणार कोण? वाचकभगिनींनो, खरा मुद्दा येथेच आहे.

मुलगी लग्न होऊन सासरी जाते. उद्या तिला रुग्णालयात नेण्याची वेळ आली तर उशाशी कोण असते? नवरा, सासू, नणंद, दीर. केसपेपर भरताना डॉक्टर विचारतात, ‘यापूर्वी कोणत्या औषधाचा त्रास? घरात कोणाला काही?’ आणि ही सारी प्रेमळ माणसे एकमुखाने सांगतात, ‘छे छे, आमच्या घरात कोणाला काही नाही!’ खरेच सांगतात बिचारी. पण ते घर त्यांचे. तिच्या नसांतून वाहते ते रक्त मात्र दुसऱ्या घरचे. नणंद-भावजयीचे गूळपीठ कितीही असले तरी औषधाला ते नाते कळत नाही. आतेभावाशीच लग्न झाले असेल तर गोष्ट थोडी निराळी; एरवी वन्संच्या यकृताचा आणि वहिनींच्या यकृताचा काडीचा संबंध नसतो. वन्संना मानवलेली गोळी वहिनींना मानवेलच याची काहीही हमी नसते. त्यांच्यापेक्षा दूर नागपुरात बसलेल्या, वर्षाकाठी एक पत्र न लिहिणाऱ्या सख्ख्या भावाचा अनुभव तिच्या अधिक कामाचा!

भाऊ-बहिणींचेही सगळे सारखेच असते असे नाही. वाटणीत कोणाला काय आले हे दैवावर असते. पण निदान ती वाटणी एकाच वाड्याची असते.

कोणी म्हणेल, हे सारे जुन्या औषधांचे झाले. तर आजचेच उदाहरण घ्या. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवल्यावर गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल नावाची गोळी देतात. ही गोळी कच्ची असते; यकृतातला एक कारागीर तिला पक्की करतो तेव्हाच ती काम करते. तो कारागीर गैरहजर असेल तर रोगी नेमाने गोळी घेतो आणि तिचा पुरा गुण त्याला कधी येतच नाही. त्रास काही नाही, म्हणून संशयही नाही. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१० साली याबद्दल ठळक इशारा छापायला लावला. या कारागिराचा बिघडलेला नमुना युरोपातल्यापेक्षा आपल्याकडे अधिक आढळतो. अशा रोग्याला दुसरे औषध देता येते; कोणते, ते हृदयरोगतज्ज्ञच ठरवतील. औषध बाधते तेवढीच नोंद पुरेशी नाही, ‘या औषधाने वडिलांना गुण आलाच नाही’ हीसुद्धा नोंदच आहे.

मग सर्वांनी उठून जनुकांची तपासणी करून घ्यावी काय? मुळीच नको. वय, वजन, मूत्रपिंडाची शक्ती, सोबतची दुसरी औषधे, घरगुती काढे, या साऱ्यांचाही औषधावर परिणाम होतो. सगळाच त्रास आनुवंशिकही नसतो. बाबांना पेनिसिलीनने पित्ती उठली म्हणून मुलाला उठेलच असे नव्हे. कोणती तपासणी हवी, कधी हवी, हे डॉक्टर सांगतील. परंतु त्यांनी योग्य प्रश्न विचारला तर आपल्याजवळ उत्तर असावे, एवढे तरी आपल्या हाती आहे. त्याला पैसा लागत नाही.

त्याला लागते ते थोडे धाडस. कारण आपल्याकडे अशा गोष्टी लपवण्याची रीत आहे. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींसमोर कोण सांगणार, की हिच्या मामाला अमुक औषधाने कावीळ झाली होती? ‘घराण्यात खोट आहे’ असे म्हणायचे! आपण पत्रिका मांडून छत्तीस गुण जुळवतो, मंगळ पाहतो, नाडी पाहतो. आणि जी एक माहिती पुढे कधी तरी त्याच मुलीचा जीव वाचवील ती मात्र कपाटात कुलूप लावून ठेवतो. वास्तविक ही खोट नव्हेच. डोळ्यांचा रंग घारा असावा तसे हे आहे. विशिष्ट औषध टाळले की संपले. लपवण्यात मात्र धोका आहे, आणि तो नेमका ज्या मुलीसाठी लपवतो तिलाच आहे.

म्हणून एक साधी गोष्ट सुचवतो. पाडव्याला व्यापारी नव्या वहीची पूजा करतात. आपण नोकरदार माणसे, आपल्याला जमाखर्चाची वही नसली तरी शंभर पानी वही परवडते. यंदा पाडव्याला तिचे पहिले पान उघडा. वर घरातल्या एकेकाचे नाव घाला. खाली लिहा: कोणते औषध, कोणत्या साली, कशासाठी घेतले, आणि काय झाले. औषधाचे नाव वेष्टनावरून उतरवा. ‘ती पिवळी गोळी’ असे लिहिलेत तर तुमच्या नातवालाही ते उलगडणार नाही. ‘सोसत नाही’ एवढेच लिहू नका. पित्ती उठली, चक्कर आली, लघवी काळी झाली, शुद्धीवर यायला फार वेळ लागला, की मुळीच गुण आला नाही, ते स्पष्ट लिहा. जे गेले त्यांचेही लिहा. आजोबांच्या कागदपत्रांत एखादा जुना केसपेपर निघाला तर त्यातले उतरवून घ्या.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. वर्षातून हा एक दिवस असा, की सख्खी भावंडे एका पाटाभोवती जमतात. ओवाळणी झाली, फराळ झाला, की पाच मिनिटे ही वही पुढे घ्या. ‘आईला कोणते इंजेक्शन बाधले होते रे? अण्णांना मलेरियाच्या गोळ्यांनी काय झाले होते?’ थोरल्या बहिणीला आठवेल ते धाकट्याला ठाऊक नसेल. माहेरवाशिणीने ते पान उतरवून आपल्या पर्समध्ये ठेवावे, हवे तर मोबाईलवर छायाचित्र घ्यावे, आणि सासरी गेल्यावर ते नवऱ्याला आणि सासूबाईंना वाचून दाखवावे. सासूबाईंनीही लाजू नये. त्यांच्याही माहेरचे एक पान असेलच आणि त्यांच्या लेकाला ते लागेल.

भावाने घातलेली ओवाळणी वर्षभरात खर्चून जाते. हे पान मात्र तिच्या मुलाबाळांनाही पुरेल.